गावचं घर विकायचंय : विक्रीपत्रासाठी परवडणारा आणि भरवशाचा माणूस कसा निवडावा?

उंबरठा | ४ ऑगस्ट, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

आर्वी तालुक्यात आमचं गाव. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, आई गुडघ्यांमुळे नागपूरला माझ्याकडे असते. घर बंद आहे. मागच्या पावसात सपरीवरचे कवेलू घसरले, आतल्या खोलीच्या चौकटीला वाळवी लागली. गावातल्याच एका मास्तरांनी ११ लाखांना मागितलं आणि आईसकट सगळ्यांना भाव पटला.

अडलंय ते कागदांपाशी. मास्तरांनी एक दस्तलेखक आणला. तो म्हणाला, "सगळं मिळून ८५ हजार, निम्मे तुम्ही, निम्मे गुरुजी." कशाकशाचे ते विचारलं तर, "सगळं आलं त्यात भाऊ, तुम्ही फक्त आईला सहीला आणा." दुसऱ्याला फोन केला, तो सौद्याच्या दोन टक्के म्हणाला. नागपूरच्या एका वकिलांनी नुसते कागद पाहण्याचे १५ हजार सांगितले.

बाबांनी १९८९ साली प्लॉट विकत घेतला होता, ते विक्रीपत्र सापडलं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) बाबांच्या नंतर आईच्या नावाने झाला आहे. ड्रोनवाल्या मोजणीनंतर मिळालेल्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मात्र अजून बाबांचंच नाव आहे. मला दोन बहिणी, एक अमरावतीला, एक रायपूरला.

योग्य खर्च किती आणि माणूस भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? विकणाऱ्याने स्वतःचा वेगळा माणूस लावावा का, की गुरुजींचाच चालवून घ्यावा?

तुरीच्या_शेंगा | ४ ऑगस्ट, रात्री १०.१५

भाऊ, आधी त्या ८५ हजारांची फोड करा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक ३ टक्के, वर जिल्हा परिषदेचा १ टक्का. ११ लाखांवर झाले ४४ हजार. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे ११ हजार. एकूण ५५ हजार. शिवाय पानांप्रमाणे दस्त हाताळणीचे थोडे. हे सगळं सरकारचं, ग्रास या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचं, चलन निघतं. उरलेले ३० हजार त्या दस्तलेखकाचे. ते तो सरकारी पैशात कालवून सांगतोय, म्हणून तुम्हाला त्याची मजुरी दिसत नाही.

आणि निम्मे तुम्ही का द्यायचे? वेगळं ठरलं नसेल तर मुद्रांक घेणारा भरतो, कायद्यातही तसंच आहे आणि आपल्याकडची रीतही तीच.

रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा) दर काढून घ्या. सौद्याची रक्कम आणि रेकनरची किंमत, दोन्हीत जी जास्त तिच्यावर मुद्रांक लागतो. गुरुजींनी घर फक्त बायकोच्या नावाने घेतलं तर महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळेल, ११ हजार वाचतील. ही गोष्ट त्या दस्तलेखकाने त्यांना सांगितली का, तेवढं विचारा. नसेल सांगितली तर माणूस कसा आहे ते कळलंच.

जुना_अर्जनवीस | ५ ऑगस्ट, सकाळी ६.५०

मी ३१ वर्षं रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात लिहायचं काम केलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद. तेव्हा आमच्या धंद्याची बाजूही ऐका.

विक्रीपत्र वकिलानेच लिहिलं पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. मालकाने स्वतः लिहून नेलं तरी चालतं. ऑनलाइन माहिती भरायची असते, तीही घरबसल्या भरता येते. पण लोकांना भीती वाटते, म्हणून ते आमच्याकडे येतात आणि आमची चूल पेटते. साधं घर, एक विकणारा, एक घेणारा, कागद स्वच्छ, अशा कामाला चांगला अर्जनवीस पुरे. त्याला वकिलाची फी देणं म्हणजे शेळीसाठी बैलबंडी जुंपणं.

आता माणूस कसा ओळखायचा. पहिल्या भेटीत तो तुमच्याकडे काय मागतो ते पहा. आधार कार्डं आणि दोन फोटो मागितले, तर तो टायपिस्ट आहे. "बाबांचा मृत्यूचा दाखला आणा, बहिणी किती, त्यांची लग्नं कुठं झाली, प्लॉट आबादीतला की शेतातून पाडलेला," असं खोदून विचारणारा खरा. मला काम शिकवणारे गुरुजी दस्ताला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला चहा पाजायचे आणि चहा संपेपर्यंत त्याच्या घरातली सगळी माणसं मोजून घ्यायचे.

मसुदा चार दिवस आधी हातात मागा. रजिस्ट्रीच्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात दस्त वाचायला देणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. तिथं सर्व्हर बंद पडलेला असतो, साक्षीदाराला घरी जायची घाई असते, आईचे पाय दुखत असतात. अशा वेळी कोणी वाचत नाही, नुसते अंगठे देतात.

तुमच्या प्रकरणात मात्र "आईला सहीला आणा" हे वाक्य मला खटकलं. फक्त आईला?

काळाकोट | ५ ऑगस्ट, दुपारी १.२०

अर्जनवीस काकांना जे खटकलं तेच मलाही. मी तालुका कोर्टात वकिली करते.

उंबरठा, बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हे घर एकट्या आईचं नाही. प्लॉट त्यांनी स्वतः घेतलेला आहे, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, तुम्ही आणि दोन्ही बहिणी, चौघांचा सारखा हिस्सा. ग्रामपंचायतीने नमुना आठवर आईचं नाव घेतलं ते कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी. नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. त्याच्या भरवशावर एकट्या आईची सही घेणारा माणूस ८५ हजारांत काय, फुकटात मिळाला तरी महाग आहे.

"पण रजिस्ट्री तर होईल ना?" हो, बहुतेक होऊनही जाईल. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतात, मालकीचा निवाडा करत नाहीत. गोम पुढे आहे. विक्रीपत्रात आई लिहून देणार की मालमत्ता निर्वेध आहे, कुणाचाही हक्क-हितसंबंध नाही, आणि वाद निघाल्यास निवारण स्वखर्चाने करीन. उद्या गुरुजींनी घरावर कर्ज काढायला कागद नेले की बँकेचा वकील पहिल्याच पानावर अडेल आणि गुरुजी तुमच्या दारात येतील. बहिणी भांडतील असं मी म्हणत नाही. कागद अर्धवट आहे, एवढंच.

आता क्रम. आखीव पत्रिकेवर वारस नोंद करून घ्या, भूमी अभिलेख कार्यालयात. मग चौघांनी मिळून विक्रीपत्र. बहिणींना पैसे नको असतील तर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. रक्ताच्या नात्यात बापाच्या मालमत्तेवर त्याला नाममात्र मुद्रांक लागतो, टक्केवारी नाही. रायपूरच्या ताईंना येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र तिथल्या दुय्यम निबंधकांसमोर करून घ्या. नोटरीचा शिक्का मारून कुरियरने आलेल्या कागदावर विसंबू नका.

खर्चाचं म्हणाल, तर टक्क्यावर फी मागणाऱ्याला साधा प्रश्न विचारा : घर २२ लाखांना गेलं असतं तर तुमची किती पानं वाढली असती? ठोक रक्कम ठरवा, आणि त्यात काय-काय आहे ते कागदावर घ्या. कागद वाचून तोंडी सल्ला, मसुदा, शोध अहवाल (मालमत्तेच्या जुन्या व्यवहारांचा तपास), रजिस्ट्रीच्या दिवशी हजर राहणं, ही चार वेगळी कामं आहेत. विकणाऱ्याला सहसा शोध अहवाल काढावा लागत नाही, तो घेणाऱ्याने काढायचा. नागपूरच्या वकिलांनी १५ हजार त्याच्यासकट सांगितले असतील तर ते महाग नाहीत, फक्त तुम्हाला नको असलेली वस्तू विकत आहेत.

जुना_अर्जनवीस | ५ ऑगस्ट, दुपारी ३.०५

वकीलबाई, बरोबर बोललात. फक्त सगळे वकीलही चहा पाजून विचारत नाहीत हो. माझ्याकडे किती तरी विक्रीपत्रं काळ्या कोटवाल्यांनी लिहिलेली दुरुस्तीला आली आहेत.

काळाकोट | ५ ऑगस्ट, दुपारी ३.३०

कबूल. :)

पऱ्हाटी_आणि_मी | ५ ऑगस्ट, रात्री ८.५५

मायी सांगतो भाऊ. मी पण ईकणाराच होतो, घेणारा नाई. म्हणून ध्यान देऊन वाचजा.

आमचा गावठाणातला जुना प्लॉट. समोरचं घर ईकलं, मागची सांदवाडी अन् गोठा मी ठेवून घेतला. बैल कुठं बांधू मंग? सौदा तसाच झाला, घेणाऱ्यालेही माहीत. लेखकानं काय केलं, आबाचा जुना दस्त समोर ठेवला अन् त्यातली चतुःसीमा जशीच्या तशी छापली. क्षेत्रफळही पुऱ्या प्लॉटचं. मी सही करून मोकळा. वाचलं काऊन नाई म्हणान, तर तिथं एकाच खुर्चीवर तिघं बसून होतो अन् तो बोटानं दाखवून राह्यला, इथं सही, इथं अंगठा.

सहा महिन्यांनं घेणाऱ्यानं गोठ्याचं कुलूप मागतलं. "कागदावर माझं हाय" म्हणे. माणूस वाईट नवता, पण कागद हातात आला की माणसाची जीभ बदलते. चूकदुरुस्ती पत्राले दोघाईच्या सह्या लागतात, एकट्यानं होत नाई. दोन वर्षं त्याच्या घरी चकरा मारल्या, शेवटी तीस हजार देऊन त्याले सहीले आणलं. लेखक काय म्हणाला माहीत हाय? "तुमीच वाचून सही केली ना दादा!" त्याची फी होती तीन हजार. लय स्वस्त पडला बाप्पा.

म्हणून सांगतो, चतुःसीमा घरी नाई वाचायची. कागद घेऊन प्लॉटवर उभं राह्यचं, सूर्याकडं तोंड करायचं, अन् मंग पूर्व-पश्चिम वाचायची.

तुरीच्या_शेंगा | ५ ऑगस्ट, रात्री ९.१०

+१. शेवटची ओळ रजिस्ट्री ऑफिसच्या भिंतीवर लावा कुणीतरी.

जमाखर्च | ६ ऑगस्ट, सकाळी ११.४५

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गुरुजी काही रक्कम रोख देतो म्हणाले का? आपल्याकडे म्हणतातच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, २०१५ पासून. आणि जितकी रोख घेतली तितकाच दंड होऊ शकतो, तोही घेणाऱ्या हाताला, म्हणजे तुम्हाला. "थोडे रोखीत दाखवू, तुमचाच फायदा" असं सांगणारा दस्तलेखक तुमचा नाही.

दुसरं, गावातली जागा विकली तर कर नाही असं कुणी सांगेल. ते ग्रामीण शेतजमिनीपुरतं खरं आहे. घराला भांडवली नफ्याचा कर लागू होतो. प्लॉट १९८९ चा आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत धरून हिशेब करता येईल, आणि तो चौघांचा वेगवेगळा. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन लाख येतात, तेव्हा घाबरण्यासारखं बहुधा काही निघणार नाही. पण पैसे चौघांच्या चार खात्यांत जाऊ द्या. सगळे तुमच्या खात्यात घेऊन मग वाटू नका.

वैनगंगाकाठ | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

थोडं अवांतर, पण इकडचं कुणी वाचत असेल तर : विकणारा आदिवासी असेल आणि घेणारा बिगरआदिवासी, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. भोगवटदार वर्ग दोनची (सरकारी अटींवर मिळालेली) जागा असेल तरीही परवानगीचा प्रश्न येतो. शहराकडचे लोक नझूलचा पट्टा (सरकारी जागेचा भाडेपट्टा) तपासा. आमच्याकडे पाचशेच्या बाँडवर नोटरी करून अशी घरं "विकली" जातात, करून देणारा हजार-दोन हजार घेतो. स्वस्त म्हणून लोक खूश. अशा कागदाने मालकी जात नाही आणि येतही नाही.

उंबरठा | ६ ऑगस्ट, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. काळाकोट ताई, मृत्युपत्र नाही. काल दस्तलेखकाला बहिणींबद्दल विचारलं तर म्हणाला, "त्यांचं नाव कुठंच नाही, कशाला उगाच खोलात जाता?" आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या लेकी उगाच आहेत का?" विषय तिथेच संपला.

आता चांगला वकील शोधायचा कसा? इंटरनेटवर सापडतात ते सगळे मोठ्या शहरातले.

काळाकोट | ७ ऑगस्ट, सकाळी ८.१५

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधून फार हाती लागणार नाही. आर्वीतल्या एखाद्या बँकेत जा आणि घरकर्जाचे कागद तपासायला त्यांच्या पॅनलवर कोण आहे ते विचारा. तो माणूस रोज दुसऱ्यांच्या दस्तांतल्या चुका काढतो, हेच तुम्हाला हवंय. फक्त गुरुजी ज्या बँकेकडून कर्ज घेणार असतील त्या बँकेचा घेऊ नका, त्याला दोन्ही बाजू सांभाळता येणार नाहीत.

आणखी एक. आईंना किंवा बहिणींना फक्त सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

उंबरठा | १९ सप्टेंबर, रात्री ९.००

उशिरा लिहितोय, पण झालं एकदाचं.

आर्वीत एका बँकेत विचारून एक वयस्कर वकील मिळाले. ठोक ६ हजार : कागद वाचणं, मसुदा तपासणं, रजिस्ट्रीला हजर राहणं. खरेदीदाराचा दस्तलेखक तसाच ठेवला, पण वकिलांच्या सल्ल्याने लिहिणारा तो आणि वाचणारा आमचा. फोड करून मागितल्यावर त्याचे ३० हजारांचे ८ हजार झाले आणि ते गुरुजींनी दिले. घर शेवटी त्यांच्या बायकोच्या नावाने घेतलं. दस्तलेखकाने ती सवलत त्यांना सांगितलीच नव्हती.

वारस नोंदीला वेळ गेला. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटिशीचे दिवस. रायपूरची ताई महालक्ष्म्यांना येतेच, म्हणून रजिस्ट्री त्यानंतर धरली आणि मुखत्यारपत्राची भानगड वाचली.

मसुदा आठ दिवस आधी आला. वकिलांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. एक, बाबांचं नाव १९८९ च्या दस्तात "नामदेव" आणि आखीव पत्रिकेवर "नामदेवराव". दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं वाक्य घातलं. दोन, वाद निघाल्यास विक्रेता दुप्पट रक्कम परत करेल असं एक कलम कुठूनतरी आलं होतं, ते काढलं. तीन, संपूर्ण रक्कम "रोखीने पोचली" असं छापलं होतं, तीही दस्ताच्या तारखेआधीच! एक रुपयाही आलेला नव्हता. त्याजागी चार डिमांड ड्राफ्टचे चार नंबर आले, आणि ड्राफ्ट हातात पडल्याशिवाय सही नाही हे वकिलांनी गुरुजींना आधीच सांगून ठेवलं.

चौथी चूक आईने काढली. पऱ्हाटी भाऊंचं ऐकून आम्ही कागद घेऊन प्लॉटवर गेलो. मी वाचतोय, "पूर्वेस मारोतीचे देऊळ, पश्चिमेस रस्ता." आई काठी टेकून ओट्यावर उभी. म्हणाली, "तीस वर्षं मी सकाळी उठून रस्त्यावर सडा टाकला, ऊन माझ्या तोंडावर यायचं. देऊळ पूर्वेला कसं?" उलटं छापलं होतं. १९८९ च्या दस्तातही उलटंच होतं, आणि गेली ३६ वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी सर्व्हर दीड तास बंद होता. आईसाठी निबंधक कार्यालयातल्या शिपायाने आतली खुर्ची आणून दिली. वकील म्हणाले की चालता न येणाऱ्यासाठी निबंधक फी घेऊन घरीही येतात, आधी कळलं असतं तर तसं केलं असतं.

पऱ्हाटी_आणि_मी | १९ सप्टेंबर, रात्री ९.२५

माय जिंकली! मायी फी पाठवून द्या भाऊ.

जुना_अर्जनवीस | २० सप्टेंबर, सकाळी ६.४०

छान झालं. आता ग्रामपंचायतीत फेरफारासाठी गुरुजींनी अर्ज दिला की नाही ते पहा, नमुना आठ आपोआप बदलत नाही. आणि वीज मीटर? ते बाबांच्या नावावर राहिलं तर थकबाकीची बिलं बाबांच्याच नावाने निघत राहतील. सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची) एक प्रत स्वतःजवळ ठेवा, विकलं म्हणून फेकू नका.

उंबरठा | २० सप्टेंबर, सकाळी ९.१०

काका, मीटरचं डोक्यातच नव्हतं. आजच महावितरणचा अर्ज आणतो.

धापेवाडा_एक्सप्रेस | २० सप्टेंबर, दुपारी १२.३०

आमचंही आर्वीकडेच काम आहे, मामांचं घर. त्या वकिलांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

उंबरठा | २० सप्टेंबर, दुपारी १.०५

केला. सकाळी साडेदहाच्या आत गाठा, नंतर कोर्टात असतात. आणि जुना दस्त सोबत न्या, त्याशिवाय ते फी सांगतच नाहीत.